फोन नवा घ्यावा की जुना? आधी घसारा समजून घेऊ



गेल्या काही बैठकांमध्ये अंतर्गत कर्जाच्या मागणीत एक कारण वारंवार येतंय, ते म्हणजे फोन. कुणाला लेकीच्या कॉलेजचे अर्ज भरायला हवाय, कुणाला पापड-शेवयांच्या ऑर्डरी घ्यायला, तर कुणाचा आहे तो फोन मध्येच बंद पडतोय. त्यात दिवाळी तोंडावर आली आहे. सोयाबीनचे पैसे हातात येतात आणि त्याच आठवड्यात तालुक्याच्या दुकानांवर ऑफरचे फलक लागतात. मग बैठकीत प्रश्न येतो, "मॅडम, नवा घेऊ की सेकंडहँड? सेकंडहँड निम्म्यात मिळतोय."

याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही. पण हिशेब मांडला तर प्रत्येकीला आपापलं उत्तर सापडतं. या महिन्याच्या पाठात तोच हिशेब शिकायचा आहे. पेन आणि कोरा कागद जवळ ठेवा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शेजारच्या ताईला लिहायला सांगा, पण आकडे आपल्या तोंडाने मोजा.

घसारा म्हणजे काय?

वापरामुळे, वेळेमुळे वस्तूची किंमत जी कमी होते, तिला घसारा म्हणतात. आपल्या संघाचा ताळेबंद आमसभेत वाचतात, त्यात हा शब्द येतो. संघाचं कपाट, खुर्च्या, संगणक यांची किंमत दरवर्षी थोडी कमी करून लिहिली जाते. वस्तू तीच, जागच्या जागीच, पण विकायला गेलं तर पहिल्याएवढे पैसे येणार नाहीत, हे हिशेबात मान्य करणं म्हणजे घसारा लिहिणं.

घरातल्या वस्तूंकडे याच नजरेने पाहा. शेळी घेतली तर ती वाढते, पिल्लं देते. म्हातारी होईपर्यंत तिने आपली किंमत काढलेली असते. शिलाई मशीन जुनं होतं, पण हळूहळू. तेलपाणी केलं तर पंधरा-वीस वर्षं चालतं. फोनचं तसं नाही. तो दुकानाच्या पायरीवरून खाली उतरला की जुना झाला. खोकं उघडलं, सिम घातलं, की दुसऱ्या दिवशी तोच दुकानदार तो फोन त्याच भावात परत घेत नाही.

फोनची किंमत इतकी झपाट्याने का पडते?

पहिलं कारण, नवीन मॉडेल. कंपन्या दर काही महिन्यांनी नवा फोन काढतात. नवा आला की मागच्याचा भाव उतरतो.

दुसरं कारण, कर. मोबाईलवर १ एप्रिल २०२० पासून १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी तो १२ टक्के होता. १२,००० रुपयांच्या फोनमध्ये साधारण १,८३० रुपये नुसता कर असतो. आपण घरगुती वापराला फोन घेतो, तेव्हा तो कर दिला तो दिलाच. विकताना कोणी तो वेगळा भरून देत नाही.

तिसरं, वॉरंटी. बहुतेक फोनला एका वर्षाची असते. ती संपली की घेणाऱ्याची जोखीम वाढते, म्हणून तो कमी पैसे देतो.

चौथं, बॅटरी. फोनची लिथियम बॅटरी प्रत्येक चार्जिंगला थोडी झिजते. साधारण पाचशे वेळा पूर्ण चार्ज झाली की ती पहिल्यासारखी ताकद धरत नाही. रोज एकदा पूर्ण चार्ज म्हटलं तर हे दीड-दोन वर्षांत येतं. सकाळी भरलेली बॅटरी दुपारी शेतातून येईपर्यंत संपते, ते यामुळे.

पाचवं कारण डोळ्यांना दिसत नाही, पण सगळ्यात महत्त्वाचं आहे. फोनच्या आतल्या प्रणालीला, म्हणजे अँड्रॉइडला, कंपनी ठरावीक वर्षंच अपडेट देते. काही फोनना दोन-तीन वर्षं, काहींना त्याहून जास्त. अपडेट बंद झाल्यावर फोन लगेच मरत नाही. पण हळूहळू बँकेची ॲप, पैसे पाठवायची ॲप, व्हॉट्सॲप त्यावर चालेनासं होतं, आणि फसवणूक करणाऱ्यांपासूनचं संरक्षणही कमी होतं. बाहेरून चकचकीत दिसणारा फोन आतून संपलेला असू शकतो.

फळ्यावर मांडायचं उदाहरण

खालचे आकडे समजून घेण्यासाठी धरले आहेत. तुमच्या बाजारातले भाव वेगळे असतील, ते विचारून याच पद्धतीने मांडा.

समजा, नवा फोन १२,००० रुपयांचा आहे. नीट वापरला तर एकूण चार वर्षं चालेल. दरवर्षी दुकानदाराकडे विकायला नेला तर तो काय देईल?

एक वर्षाने: ६,००० रुपये
दोन वर्षांनी: ४,००० रुपये
तीन वर्षांनी: २,५०० रुपये
चार वर्षांनी: १,२०० रुपये

आता वजाबाकी करा. पहिल्या वर्षी ६,००० गेले. दुसऱ्या वर्षी २,०००. तिसऱ्या वर्षी १,५००. चौथ्या वर्षी १,३००. चार वर्षांत जेवढी किंमत पडली, त्यातली निम्म्याहून जास्त एकट्या पहिल्या वर्षात पडली. हे पहिल्या वर्षाचं नुकसान नवा फोन घेणारीच्या पदरात पडतं. दुसऱ्यांदा घेणारी त्यातून वाचते.

आणखी एक. दुकानदार सहा हजारांत घेतलेला फोन सहा हजारांत विकत नाही. त्याचं दुकानभाडं आहे, त्याचा नफा आहे. समजा तो ७,५०० ला विकतो. म्हणजे फोन जितक्या वेळा हात बदलतो, तितक्या वेळा मधले पैसे कोणाच्या तरी खिशातून जातात.

चार फोन, चार हिशेब

आता खरी गोष्ट. "फोन कितीला पडला?" असं विचारू नका. "महिन्याला कितीला पडला?" असं विचारा. सूत्र सोपं आहे:

घेतल्याची किंमत, त्यात दुरुस्तीचा खर्च मिळवा, शेवटी विकून येणारे पैसे वजा करा, आणि जितके महिने वापरला त्याने भागा.

पहिली ताई नवा फोन घेते, १२,००० ला. चार वर्षं वापरते. मध्ये बॅटरी आणि काच बदलायला १,२०० रुपये लागतात. शेवटी १,२०० ला विकते. हिशेब: १२,००० अधिक १,२०० वजा १,२००, म्हणजे १२,०००. भागिले ४८ महिने. महिन्याला २५० रुपये.

दुसरी ताई तोच फोन एक वर्ष वापरलेला घेते, ७,५०० ला. तीन वर्षं वापरते. तिला बॅटरी लवकर बदलावी लागते, इतर किरकोळ कामही निघतं, १,५०० रुपये धरा. शेवटी १,२०० ला विकते. हिशेब: ७,५०० अधिक १,५०० वजा १,२००, म्हणजे ७,८००. भागिले ३६. महिन्याला साधारण २१७ रुपये.

तिसरी ताई म्हणते, "मला स्वस्तातला बघा." ती तीन वर्षं वापरलेला फोन ३,५०० ला घेते. बॅटरी आणि चार्जिंगची पिन यावर १,५०० जातात. एक वर्ष चालतो. शेवटी १,२०० येतात. हिशेब: ३,५०० अधिक १,५०० वजा १,२००, म्हणजे ३,८००. भागिले १२. महिन्याला साधारण ३१७ रुपये.

चौथी ताई दर दिवाळीला फोन बदलते. नवा १२,००० ला घेतला, वर्षाने दुकानदाराला ६,००० ला दिला. दुरुस्ती काही नाही. ६,००० भागिले १२. महिन्याला ५०० रुपये.

पाहिलंत? ज्या ताईने सगळ्यात कमी पैसे मोजले, तिला फोन नवा घेणारीपेक्षा महाग पडला. आणि ज्या ताईने वर्षात बदलला, तिला सगळ्यात महाग. कमी दाम म्हणजे स्वस्त, असं दरवेळी होत नाही. भाकरीचा तवा हलका म्हणून स्वस्त घेतला आणि वर्षात वाकडा झाला, तर दुसरा घ्यावाच लागतो. हे तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्ही रोज असा हिशेब करताच.

पहिली आणि दुसरी ताई यांच्यात फरक किती? महिन्याला फक्त ३३ रुपये. या ३३ रुपयांत पहिलीला कोरी बॅटरी, एका वर्षाची वॉरंटी आणि "आधी कोणी कसा वापरला असेल" या काळजीतून सुटका मिळते. आणि दुसऱ्या ताईचा फोन तीन वर्षांऐवजी दीड वर्षातच बंद पडला तर? समजा दुरुस्ती करण्याआधीच पडला आणि भंगारात ५०० आले. ७,००० भागिले १८, म्हणजे महिन्याला जवळपास ३८९ रुपये. म्हणून वापरलेला फोन फायद्याचा तेव्हाच, जेव्हा तो नीट तपासून घेतलेला असतो.

कर्जाचा हप्ता आणि फोनचं आयुष्य

इथे गटाचा प्रश्न येतो. आपल्यातल्या बऱ्याच जणी फोनसाठी गटातून कर्ज घेतात. समजा गटाचा व्याजदर महिन्याला २ टक्के आहे आणि व्याज उरलेल्या मुद्दलावर लागतं.

१२,००० रुपये बारा हप्त्यांत फेडले, म्हणजे दरमहा १,००० मुद्दल, तर एकूण व्याज १,५६० रुपये. तेच चोवीस हप्त्यांत, दरमहा ५०० मुद्दल, तर व्याज ३,००० रुपये. हप्ता निम्मा झाला म्हणून बरं वाटतं, पण व्याज जवळजवळ दुप्पट झालं. पहिल्या ताईचा फोन बारा हप्त्यांत महिन्याला २८३ रुपयांना पडतो आणि चोवीस हप्त्यांत ३१३ रुपयांना.

व्याज गटातच राहतं हे खरं आहे, वर्षाखेरीस नफ्यात आपलाही वाटा असतो. पण घरचा महिन्याचा ताण आपल्यालाच काढायचा असतो.

व्याजापेक्षा मोठा धोका वेगळा आहे. फोन बंद पडला आणि हप्ते उरले, हा तो धोका. तिसऱ्या ताईने ३,५०० चं कर्ज अठरा हप्त्यांत फेडायचं ठरवलं आणि फोन बाराव्या महिन्यात संपला, तर पुढचे सहा महिने ती नसलेल्या फोनचा हप्ता भरणार. त्यात नव्या फोनची गरज पुन्हा उभी. म्हणजे कर्जावर कर्ज. एखादा हप्ता थकला की गटाच्या वसुलीवर परिणाम होतो, आणि बँकेचं कर्ज मागायला गेल्यावर सगळ्याच जणींना त्याचं उत्तर द्यावं लागतं.

म्हणून एक नियम सुचवते: फोनचं जितकं आयुष्य उरलं असेल, त्याच्या निम्म्या काळाच्या आत हप्ते फिटले पाहिजेत. चार वर्षं चालणाऱ्या फोनला जास्तीत जास्त चोवीस हप्ते. तीन वर्षं उरली असतील तर अठरा. एकच वर्ष उरलं असेल तर सहा.

हा नियम लावला की एक गंमत दिसते. तिसऱ्या ताईला ३,५०० सहा महिन्यांत फेडायचे, म्हणजे मुद्दलाचा हप्ता साधारण ५८३ रुपये. दुसऱ्या ताईला ७,५०० बारा महिन्यांत फेडायचे, म्हणजे हप्ता ६२५ रुपये. फरक फक्त ४२ रुपयांचा. पण एकीला वर्षभराचा फोन मिळाला आणि दुसरीला तीन वर्षांचा.

"शून्य टक्के व्याज" म्हणजे काय?

दुकानात फायनान्सवाला टेबल टाकून बसलेला असतो. आधार द्या, सही करा, फोन घेऊन जा. सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं कागदावर लिहून घ्या.

रोख घेतला तर हाच फोन कितीला द्याल? फाईल चार्ज, विमा आणि इतर नावाने किती घेणार? पहिली रक्कम आणि सगळे हप्ते मिळून एकूण किती जाणार?

तिसऱ्या उत्तरातून पहिलं वजा केलं की जे उरतं, ते त्या कर्जाचं व्याजच आहे, नाव काहीही असू दे. ते गटाच्या व्याजाशी ताडून पाहा. कधी फायनान्स स्वस्त पडेल, कधी गट. पण लक्षात ठेवा, फायनान्सचा हप्ता चुकला तर दंड लागतो आणि तुमच्या नावावर सिबिलमध्ये नोंद होते. आणि फोन लेकाला असो की भाच्याला, ज्या ताईच्या आधारवर कर्ज आहे, नोंद तिच्या नावावर होते.

कुणी कोणता घ्यावा?

फक्त बोलायला आणि ओटीपी बघायला फोन लागत असेल, तर साधा बटणांचा फोरजी फोन पुरतो. बॅटरी दोन-तीन दिवस टिकते, पडला तरी सहसा फुटत नाही. बटणांच्या फोनवरूनही पैसे पाठवता येतात. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये त्यासाठी यूपीआय १२३पे ही सोय सुरू केली आहे.

व्हॉट्सॲप, पैशांचे व्यवहार, मुलांचा अभ्यास असा घरगुती वापर असेल, तर एक वर्षाच्या आतबाहेरचा, बिलासकट, तपासलेला वापरलेला फोन परवडतो. कंपनीने किंवा मोठ्या दुकानाने तपासून, दुरुस्त करून, सहा महिने ते वर्षाच्या वॉरंटीवर विकलेला रिफर्बिश्ड फोन मिळाला तर आणखी बरं. वॉरंटी लेखी घ्या. "काही झालं तर या ताई, मी आहे ना" हे बोलणं म्हणजे वॉरंटी नव्हे.

बँक सखी, सीआरपी, किंवा ज्यांचा धंदाच फोनवर चालतो, त्यांनी शक्य असेल तर नवा घ्यावा. त्यांचा फोन एक दिवस बंद पडला तर त्या दिवसाची कमाई जाते. घेताना "या फोनला अपडेट किती वर्षं मिळणार?" हे नक्की विचारा. दोन फोनची किंमत सारखी असेल तर ज्याला जास्त वर्षं अपडेट आहे तो घ्या. कॅमेऱ्याचा आकडा नंतर बघा.

आणि आधी घरातला फोन तपासा. नुसती बॅटरी बदलून अजून वर्ष-दीड वर्ष निघत असेल आणि अपडेट चालू असेल, तर तोच सगळ्यात स्वस्त फोन.

वापरलेला फोन घेताना तपासणी

एकटीने जाऊ नका. ज्या ताईला फोनची माहिती आहे तिला सोबत न्या. संध्याकाळच्या घाईत घेऊ नका.

१. मूळ बिल मागा. बिल नसेल तर फोन चोरीचा असू शकतो. विकणाऱ्याचं नाव, सही, तारीख आणि फोनचा नंबर असलेली पावती घ्या. ओळखपत्राची प्रतही मागा.

२. फोनवर *#०६# दाबा. १५ आकडी आयएमईआय नंबर दिसेल. फोनमध्ये दोन सिम असतील तर दोन नंबर असतात. ते खोक्यावरच्या आणि बिलावरच्या नंबराशी जुळले पाहिजेत.

३. तो नंबर सरकारकडे तपासा. मेसेजमध्ये इंग्रजीत के, वाय, एम ही तीन अक्षरं लिहा, एक जागा सोडा, १५ आकडी नंबर लिहा आणि १४४२२ वर पाठवा. मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या संचार साथी या सरकारी पोर्टलवरही हे तपासता येतं. फोन काळ्या यादीत आहे, नंबर बनावट आहे किंवा आधीच दुसरीकडे वापरात आहे असं उत्तर आलं, तर तो घेऊ नका. कितीही स्वस्त असो.

४. विकणाऱ्याला त्याचं गूगल खातं तुमच्यासमोर काढायला सांगा आणि फोन रिसेट करायला लावा. परत सुरू केल्यावर फोन जुन्या मालकाचं खातं आणि पासवर्ड मागत असेल तर तो आपल्या कामाचा नाही.

५. फोनवर फायनान्सचे हप्ते बाकी आहेत का, हे स्पष्ट विचारा. बाकी असतील तर कर्ज फिटल्याचं पत्र आल्याशिवाय घेऊ नका.

६. सेटिंगमध्ये "फोनबद्दल" या भागात अँड्रॉइड कितवं आहे आणि शेवटचं सुरक्षा अपडेट कोणत्या महिन्याचं आहे ते पाहा. वर्षभरापूर्वीचं असेल तर त्या फोनचं अपडेट थांबलं असण्याची शक्यता मोठी.

७. फोन आडवा सपाट ठेवा. मागची बाजू फुगली असेल तर बॅटरी फुगली आहे. असा फोन घरात आणू नका, तो पेट घेऊ शकतो.

८. आपलं सिम घाला. फोन लावा, इंटरनेट चालवा, एक व्हिडिओ कॉल करा. एखादं चिन्ह बोटाने धरून पडद्याच्या चारही कोपऱ्यांत फिरवा, कुठे अडकलं तर टच खराब आहे. चार्जर लावून पिन थोडी हलवा, चार्जिंग तुटता कामा नये. अर्धा तास वापरा. तेवढ्यात फोन खूप तापला किंवा बॅटरी भराभर उतरली तर सोडून द्या.

आपला जुना फोन विकताना याच्या उलट करायचं. फोटो काढून घ्या, पैशांच्या ॲपमधून आणि गूगल खात्यातून बाहेर पडा, सिम आणि मेमरी कार्ड काढा, मग रिसेट करा. आपल्या फोनमध्ये लेकीबाळींचे फोटो आणि बँकेचे मेसेज असतात, हे विसरू नका.

फोन कुणाच्या हातात?

हा भाग लिहू की नको असा विचार केला, पण बैठकांमध्ये तुम्हीच बोलता, म्हणून लिहिते. कर्ज ताईच्या नावावर, हप्ता ताईच्या शिलाईतून, आणि नवा फोन लेकाच्या हातात. लेकाचा पडदा तडकलेला, चार वर्षांचा फोन आईकडे येतो. घरात सगळ्यांना हे इतकं साहजिक वाटतं की कोणी विचारतही नाही.

घसाऱ्याच्या भाषेत बोलायचं तर फोनचं उपयोगाचं आयुष्य दुसऱ्याने वापरलं आणि उरलेलं, संपत आलेलं आयुष्य हप्ता भरणारीच्या वाट्याला आलं. त्या फोनवर पैशांचं ॲप चालत नाही. मग ताईचं खातं लेकाच्या फोनवर जोडलं जातं आणि पिन त्याला सांगावा लागतो. खात्यात किती आले, किती गेले, हे विचारून कळतं. आपण बचत करायला शिकलो, बँकेत स्वतः सही करायला शिकलो, आणि खातं मात्र पुन्हा दुसऱ्याच्या हातात गेलं, असं व्हायला नको.

लेकाला फोन देऊच नये असं मी म्हणत नाही. त्याचं शिक्षण, त्याचं काम हेही घराचंच आहे. पण ठरवून द्या. फोन त्याच्यासाठी असेल तर कर्जाच्या अर्जावर तसं लिहा आणि हप्त्यात त्याचा वाटा किती ते घरात बोला. फोन तुमच्या धंद्यासाठी असेल तर तो तुमच्या पिशवीत राहील, हेही बोला.

बैठकीत करायचा अभ्यास

पुढच्या बैठकीत अर्धा तास काढा.

एक, प्रत्येकीने आपला सध्याचा फोन काढावा आणि कधी घेतला, कितीला घेतला, दुरुस्तीला किती गेले, आज दुकानदार किती देईल, ते लिहून महिन्याचा खर्च काढावा. फळ्यावर सगळ्यांचे आकडे लिहा. कुणाचा सगळ्यात कमी आला, तिने फोन कसा सांभाळला ते सांगावं.

दोन, ज्या फोनमुळे कमाई होते त्यांनी दुसरा आकडा काढावा. फोनवरून आलेल्या ऑर्डरीतून महिन्याला खर्च वजा जाता किती उरतात? ४०० रुपये उरत असतील आणि फोन २५० ला पडत असेल, तर फोन स्वतःचे पैसे काढतोय.

तीन, फोनसाठी कर्ज मागणाऱ्या ताईला गटाने तीन प्रश्न विचारावेत: फोनचं आयुष्य किती उरलं आहे? हप्ते त्याच्या निम्म्या काळात फिटतील का? फोन कोण वापरणार? उत्तरं इतिवृत्तात लिहा. हे कुणाला अडवायला नाही, पुढे कुणावर बोट दाखवायची वेळ येऊ नये म्हणून.

लक्षात ठेवा

पहिल्या वर्षी फोनची किंमत सगळ्यात जास्त पडते.
किंमत नको, महिन्याचा खर्च काढा.
घेतलेला फोन जितका जास्त काळ वापराल तितका स्वस्त पडतो.
बिल आणि आयएमईआय नंबर जुळल्याशिवाय वापरलेला फोन नाही.
हप्ते फोनच्या आधी संपले पाहिजेत.
फोन हरवला तर लगेच सिम बंद करा, बँकेला कळवा, पोलिसांत तक्रार द्या आणि संचार साथीवर फोन ब्लॉक करा. पैशांची फसवणूक झाली तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. दुकानदार वॉरंटी पाळत नसेल तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे.

तुमच्या गटाने काढलेले आकडे ग्रामसंघाच्या बैठकीत घेऊन या. प्रत्येक गावाचे भाव एकत्र केले तर आपल्या तालुक्यात कोणता फोन किती दिवस टिकतो याची आपलीच यादी तयार होईल, आणि दिवाळीच्या फलकापेक्षा ती आपल्या जास्त कामाची असेल.

तुमची,
क्षेत्र समन्वयक